पाळीचा तुकडा

आमच्या व्हिल्रोंद गावात रविवारच्या प्रार्थनेला पावाची पाळी असायची. पाळी ज्या घराची, त्याने मोठा गोल पाव भाजून चर्चमध्ये न्यायचा. पाद्रीबुवा आशीर्वाद देऊन तो सगळ्यांना वाटायचे. एक तुकडा मात्र बाजूला काढून, फडक्यात गुंडाळून पुढच्या घरी द्यायचा. तुकडा हातात आला की पुढची पाळी तुमची. बांधावरून कोर्टात गेलेली माणसंही एवढ्यासाठी एकमेकांचं दार वाजवत.

ओदिल मारसो लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा तुकडा शेजारच्या फिर्मँकडे जायचा. अक्रोडाच्या झाडावरून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं, पण पावाच्या दिवशी दारात बरोबर जुंपायची.

"या वेळी तरी भाजलायस, की खाली कोळसाच?"

"दात राहिले नाहीत ते सांग ना. पावाला कशाला नावं ठेवतोस?"

मग एकेक घर बंद होत गेलं. म्हातारी माणसं गेली, तरुण शहरात गेले. पाद्रीबुवाही महिन्यातून एकदाच येऊ लागले. शेवटी पाळी ओदिल आणि फिर्मँ या दोघांतच फिरायला लागली. त्यात फिर्मँ गोठ्यात पडला, खुबा मोडला आणि मुलीने त्याला बाजारगावच्या वृद्धाश्रमात ठेवलं.

त्या रविवारी ओदिल तुकडा हातात धरून चर्चच्या पायरीवर उभी राहिली. मी जुन्या शाळेच्या इमारतीत राहते. म्हटलं, "ओदिलबाई, मला द्या. मी भाजते की."

"शाळेला पाळी नाही. तिथले मास्तर यायचे, जायचे."

"मी कुठे जातेय? इतकी वर्षं झाली."

"राहतेस ग. पण पाळी नाही." मग हळूच म्हणाली, "माझ्या हातात संपायला नको एवढंच. मारसोंच्या सुनेने संपवलं म्हणतील."

म्हणायला कोण उरलं होतं? पण मी गाडी काढली आणि तिला आश्रमात घेऊन गेले.

फडकं दिसताच फिर्मँ खुर्चीत ताठ बसला. "जळलाय."

"तुझं नाक जळलंय."

त्याने तुकडा हुंगला आणि स्वेटरच्या खिशात घातला. परतताना ओदिल गुणगुणत होती. वाटेत गाडी थांबवून तिने कांद्याची पातही घेतली.

आठवड्याच्या आत आश्रमातल्या नर्सचा मला फोन आला. "काय सांगून गेलात हो त्यांना? सारखं पीठ मागतात. काल स्वयंपाकघरात शिरले, भट्टी पेटवायची म्हणून. आज पुन्हा उठले आणि पडले."

आम्ही गेलो. पलंगाला कठडे लावले होते. फिर्मँच्या कपाळाला पट्टी होती आणि मुठीत तो तुकडा, दगडासारखा वाळलेला.

"ओदिल, ही माणसं मला पीठ देत नाहीत. लोक चर्चमध्ये वाट बघतील."

"नको पीठ. दे तो तुकडा."

"पाळी माझी आहे."

"नाही. माझंच चुकलं."

तुकडा परत घेतलेला आमच्याकडे कुणी पाहिला नव्हता. फिर्मँ तिच्याकडे बघत राहिला. "मागच्या वेळचा माझा पाव आवडला नाही का लोकांना?"

ओदिलने त्याची बोटं एकेक करून सोडवली. "आवडला. चांगला होता."

तिच्या तोंडून असं काही त्याने कधी ऐकलं नव्हतं. तो रडायला लागला. तिने फडक्याने त्याचं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं, आणि नर्स येऊन "आता पुरे" म्हणेपर्यंत कठड्याला धरून उभी राहिली.

पुढच्या प्रार्थनेला ती रिकाम्या हातांनी आली. आम्ही सगळे मिळून दोन बाकंही भरत नव्हतो. पाद्रीबुवांनी मेजाकडे पाहिलं. "या वेळी पाव कुणाचा?"

"कुणाचाच नाही," ओदिल म्हणाली, आणि सरकून मला बसायला जागा करून दिली.