लाल नळाचं विसण

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. माझ्या वेळी माहेरच विमानात बसून दुबईजवळच्या अजमानला आलं. म्हणजे आई आली, व्हिजिट व्हिसावर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला एक लाकडी पाट घेऊन. पाट कशाला, असं माझ्या नवऱ्यानं विमानतळावरच विचारलं. "बाळाला न्हाऊ घालायला," आई म्हणाली. "तुमच्याकडे सगळं मिळतं म्हणे. पाट मिळतो का?" नव्वदच्या दशकातल्या अजमानमध्ये पाट काही मिळत नव्हता, त्यामुळे त्यानं तो उचलून गाडीत ठेवला.

बाळांना न्हाऊ घालण्यात आईचा हातखंडा होता. साताऱ्याच्या आमच्या आळीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झालेली. कितीही किरकिरं मूल असो, तिच्या पायांवर पालथं पडलं की पाण्यात ठेवलेल्या वालासारखं सैल व्हायचं. नातीला न्हाऊ घालायचं, एवढ्यासाठीच ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली होती. लाडू हे निमित्त.

अडचण आमच्या नळांची होती. जुलै महिन्यात तिथे गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात तापते आणि निळ्या नळाला आधणाचं पाणी येतं. मग सगळेच करतात ते आम्हीही करायचो. उन्हाळा लागला की गीझर बंद. गीझर घरात, एसीच्या गारव्यात, त्यामुळे त्यात साठलेलं पाणी हळूहळू निवतं आणि लाल नळाला गार येतं. नवऱ्यानं हे आईला ऑफिसात प्रेझेंटेशन देतात तसं समजावलं. "सिम्पल सिस्टीम आहे, आई. निळा म्हणजे गरम, लाल म्हणजे गार. फक्त लाल जपून वापरायचा, एक बादली काढली की तोही तापतो. ऑक्टोबरनंतर सगळं नॉर्मल."

आईनं मान डोलावली आणि स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारलं, "यांचं ऑफिसात बरं चाललंय ना?"

पण शिकली. बाथरूमभर टब पसरलेला, खाली बसायला वीतभर जागा नाही, म्हणून तिनं पाट थेट टबातच ठेवला आणि लुगडं वर खोचून, पाय लांब करून आत बसली. होडीत बसल्यासारखी दिसायची. शेजारी बादली. त्यात निळ्या नळाचं कढत पाणी, आणि ते बेताचं करायला वरून लाल नळाचं विसण. "काय दिवस आले," ती रोज म्हणायची, "गीझरमधनं विसण काढायचं." माझी मुलगी तिच्या पायांवर डोळे मिटून पडलेली असायची. मी दाराशी स्टुलावर बसून बघायची. इतकं सुख मला त्या देशात आधी कधी वाटलं नव्हतं.

मग गीझर ठिबकायला लागला. नातूरनं, म्हणजे बिल्डिंगच्या वॉचमननं, एक प्लंबर पाठवला. मल्याळी माणूस, तोंडात सतत बडीशेप. त्यानं जॉइंट बदलला, गीझर चालू करून पाहिला, "खलास मॅडम, अब नो प्रॉब्लेम" म्हणाला आणि गेला. गीझर चालूच राहिला. बाहेरच्या स्विचचा दिवा बघायची आमची सवय उन्हाळ्यात सुटलेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं निळं पाणी घेतलं, लाल विसण घातलं, बादलीत हात घालून पाहिलं आणि पहिला तांब्या बाळाच्या पायांवर ओतला. मुलगी अशी किंचाळली की मी स्टुलावरून पडता पडता राहिले. पाय लालबुंद झाले. डॉक्टरांनी पाहिलं, काही विशेष नाही म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत लाली गेलीसुद्धा.

आईचं मात्र बिनसलं. "उद्यापासून तूच घाल आंघोळ," असं म्हणून तिनं बाळ माझ्या हातात दिलं. मला कुठलं येतंय? मी ओल्या फडक्यानं पुसून काढायची आणि मुलगी भोकाड पसरायची. आई हॉलमध्ये पाठ करून लसूण सोलत बसायची. तिच्या परतीचं तिकीट जवळ येत होतं. ती अशीच, नातीला हात न लावता परत जाणार, या विचारानं मला रडू येई.

नवऱ्यानं सगळा दोष नळांवर ठेवला आणि प्लंबरला परत बोलावलं. आईनं त्याला बाथरूमच्या दारातच गाठलं. "हमारे बाळ को चटका लगा ना, भाऊ."

तो ओशाळला. "सॉरी अम्मा. लेकिन गीझर तो गरम पानी के लिए होता है ना?"

आई एकदम वळली. "ऐकलंत जावईबापू? महिनाभर मी तेच म्हणतेय."

वाळवंटात अखेर तिला एक शहाणा माणूस भेटला होता. त्याला चहा आणि लाडू मिळाला. त्या खुशीत त्यानं तोडगा काढला, नळांवरच्या लाल-निळ्या टोप्या उपटून त्यांची अदलाबदल केली. आता लाल गरम, निळा गार, जगात असतं तसं. "और विंटर में?" नवऱ्यानं विचारलं. "विंटर में फिर आएगा सर, इन्शाल्ला," तो म्हणाला आणि बडीशेप तोंडात टाकून निघाला. नवऱ्यानं गीझर बंद करून त्याच्या स्विचवर चिकटपट्टी लावली. प्रश्न सुटला, असं आम्ही दोघांनी गृहीत धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं तेल कोमट केलं, डाळीचं पीठ सायीत कालवलं, पाट टबात ठेवला आणि बाळ उचलून माझ्यापुढे धरलं. माझं डोकं फिरलं. "आता काय राहिलं? नळसुद्धा तुझ्या मनासारखे झाले."

"नळांचं काही नाही गं," ती म्हणाली. "मी हात घालून बघितलं होतं त्या दिवशी. मला कोमटच लागलं."

मी तिच्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी ती गॅसवरचं पातेलं सांडशीशिवाय उतरवायची, तव्यावरची भाकरी नुसत्या बोटांनी फिरवायची, आणि आम्ही मुलं शेजारच्यांना कौतुकानं सांगायचो की आमच्या आईला भाजतच नाही. मला तिची भयंकर कीव आली आणि त्याहून जास्त रागही आला, की हे तिनं इतके दिवस एकटीनं मनात ठेवलं.

"बैस तू," मी म्हटलं. ती बसेना. मी तिला दंडाला धरून टबात बसवलं, मुलगी तिच्या पायांवर पालथी घातली आणि बादलीत माझं कोपर बुडवलं.

"विसण घाल."

तिनं एक तांब्या ओतला. भाजीत मीठ बरोबर आहे का, हे जिनं जन्मात कुणाला विचारलं नव्हतं, ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आता?"

"अजून थोडं."

तिनं घातलं, हातानं ढवळलं आणि पुन्हा थांबली.

"आता?"

"आता घाल," मी म्हटलं.