अण्णांनी मरायला नकार दिला, त्या दुपारची गोष्ट

अण्णा आज सकाळी गेले.

याआधी ते माझ्या वेल्ह्याच्या घरात दोनदा मेले होते. पहिल्या वेळी त्यांनी साफ नकार दिला.

सांगतो.

वयानं घोडे झालेले आम्ही तिघं दर रविवारी दुपारी एक गेम खेळतो. मी, गुरांचे डॉक्टर, आणि शिवऱ्याला हायवेवर टायरचं दुकान चालवणाऱ्या मंगलताई. त्या दोघांचं एकेक पात्र. मी गोष्ट पुढं नेतो, लढाई लागली की फासे टाकायचे. गड, मावळे, चोरवाटा, सगळं कागदावर.

रूल्स मी लिहिलेले. म्हणजे नेटवरच्या चार गेममधून उचलून मराठीत ओतलेले. याला आपल्याकडे संशोधन म्हणतात.

अण्णा जवळच्या पासली गावचे. भातशेती, आणि जत्रेत ढाल-तलवारीचे हात करणाऱ्या पथकाचे वस्ताद. एकदा तांदूळ द्यायला आले, फासे बघून दारातच थबकले.

"जुगार हाय का?"

"नाही अण्णा, गोष्ट आहे."

"मंग मला बी घ्या."

त्यांनी पात्र घेतलं, रामा ढालकरी.

तिसऱ्याच रविवारी आमची टोळी गडाच्या दिंडी दरवाजात अडकली. मागं शत्रू. अण्णा म्हणाले, "तुमी निघा. रामा दार धरतो."

माझ्या रूलप्रमाणं ढाल म्हणजे बचावाच्या फाशात प्लस टू. विषय संपला. फासा पडला, बेरीज केली.

"अण्णा, तुम्ही मेलात."

"न्हाई."

"रूल आहे तसा."

"आसंल. म्या मेलो न्हाई. दीड हाताचं दार, हातात ढाल, आन मानूस पहिल्या घावात जातो व्हय? रामा पडला तर ह्ये दोघं बी कापले जातील."

मंगलताई म्हणाल्या, "जाऊ द्या हो अण्णा. दुसरं पात्र घ्या."

"टायर फुटल्यावर गिऱ्हाइकाला म्हनता का, दुसरी गाडी घ्या?"

खेळ तिथंच थांबला.

दुसऱ्या दिवशी अण्णा अंगणात हजर. पथकाची चामड्याची ढाल आणि दोन काठ्या घेऊन. हातात काठी आली की अण्णा सगळ्यांना अरे-तुरे करत.

"मार."

मारलं. त्यांनी ढाल अंगाशी धरलीच नाही. हात लांब करून थेट माझ्या मुठीवर आणली, काठी खाली यायच्या आत. दहा वार केले, एक लागेल तर शपथ. अकराव्याला ढालीची कड माझ्या मनगटावर बसली.

"आता तू धर."

मी तोंडासमोर धरली. कॅलेंडरवरचे वीर धरतात तशी.

"म्या कुठं हाय सांग."

ढालीपलीकडचं काहीच दिसत नव्हतं. उत्तर नडगीवर मिळालं.

"अंगाला चिकटवली तर ती उशी. तोंडाम्होरं धरली तर पडदा. ढाल म्होरच्या गड्याच्या हाताकडं न्यायाची आसती, येड्या!"

डॉक्टर पायरीवर बसून हसत होते. त्यांनाही प्रॅक्टिकल मिळालं.

संध्याकाळपर्यंत रूल नवा लिहिला. प्लस टू कटाप. ढाल कुठं नेणार ते आधी बोलायचं. वर नेली तर समोरचं दिसणार नाही. कडेनं मारता येईल, डावीकडच्या सोबत्याला झाकता येईल.

मी खूश. वही मिटली.

"थांबा. हात भरतो, त्ये न्हाई लिवलं."

"अण्णा, त्या रूलनं तुमचाच रामा मरेल."

"मरंल तर मरंल. पर हात भरतो. खोटं लिवू नका."

लिहिलं. दर फेरीला हात जड, फाशातून एक वजा.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच दरवाजा. अण्णा उभं राहून खेळले, रिकामा डावा हात पुढं धरून. चौथ्या फेरीला मंगलताई बाहेर पडल्या. सातव्या फेरीला अण्णांचा हात खरंच खाली यायला लागला. आठव्याला डॉक्टर सुटले.

नवव्याला फासा पडला. बेरीज कमी भरली.

अण्णा मटकन खाली बसले, टोपीनं घाम पुसला आणि असे हसले की शेजारच्यांनी खिडकी उघडून बघितलं.

"आता मेलो! आता बरूबर मेलो!"

लगेच घरी फोन. "अगं, मेलो म्या!" पलीकडून काकू जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आज आम्ही तिघं पासलीला गेलो. अण्णांच्या मेहुण्यांनी विचारलं, "तुमी कोन त्यांचे?"

शब्दांवर पोट भरणारा माणूस मी. तरी मंगलताईंकडं बघितलं.

मंगलताई म्हणाल्या, "त्यांनी दार धरलं होतं. म्हणून आम्ही सुटलो."

कुठलं दार, कधी, मेहुण्यांनी काहीच विचारलं नाही. नुसती मान हलवली.

"व्हय. तसेच हुते त्ये."

अण्णा, तुमच्या ढालीमागच्या तिघांचा रामराम.