तांबटांची चावडी, चाकण: पोचलो, पण उशिरा

रोज कंपनीच्या बसने चाकणला जाते, पण चाकण गावात शेवटची कधी उतरले होते, विचारू नका. अण्णा, म्हणजे माझे वडील, वर्षभर एकच घोकत होते, "एकदा चावडीत ने गं." आज नेते, उद्या नेते करत शेवटी परवाच्या गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, निघालो.

चावडी म्हणजे इंग्रजांच्या काळात तांबटांच्या पंचायतीने वर्गणी काढून बांधलेलं सभागृह. मजुरीचे दर, आपसातली भांडणं, सगळं तिथे मिटायचं. ज्याला कारागीर म्हणून पंचायतीत घेत, तो मधल्या खांबाच्या तांब्याच्या पत्र्यावर आपलं नाव स्वतः ठोकून काढायचा. त्यात माझ्या आजोबांचंही नाव. त्यांचा फोटो नाही, घडवलेलं एकही भांडं घरात उरलं नाही. अण्णांना त्या नावावरून एकदा हात फिरवायचा होता. बस्स, एवढंच.

संत तुकाराम नगरहून नाशिक फाट्यापर्यंत रिक्षा, पुढे चाकणची बस. मोशीनंतर ट्रॅफिकने जीव नकोसा केला. सकाळी लवकर निघा, नाहीतर सरळ घरी बसा. चाकणच्या चौकातली मिसळ झणझणीत, पण अण्णा नुसते पाव कुस्करत बसले. लहानपणी तांब्याच्या ठोकाठोकीच्या आवाजाने त्यांचे कान गेले, उरलेसुरले कंपनीत प्रेस मशीनवर. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या हॉटेलशी बोलायचं.

चावडीच्या पेठेत चारचाकी नेऊ नका, वळत नाही. चावडी बाहेरून अजून देखणी आहे, दगडी जोतं, लाकडी कमान. आत पॅकिंगचे खोके थेट छतापर्यंत. आणि मधला खांब उघडा. नुसती खिळ्यांची भोकं.

झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं.

"पत्रा व्हय? मोडीत घातला की गेल्या साली. पंचायतीत आता हाय कोन? आमाला कोन इचारतंय!"

अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणतात गं?"

हे ओरडून सांगायचं? माझी छातीच होईना. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "कल्हईला दिलाय! येईल परत!"

मावशी मान खाली घालून झाडू लागल्या. अण्णा खांबापाशी गेले, एकेका भोकावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "चल, बस मिळायची नाही." हुश्श, सुटले एकदाची, असं मला वाटलं. लाज वाटते आता लिहिताना.

घरी आईने चहा पुढे करत हातानेच विचारलं, दिसलं का नाव?

"पत्रा मोडीत गेला," अण्णा म्हणाले.

मी उडालेच. "मावशींचं ऐकू आलं तुम्हाला?"

"नाही गं. तू कल्हई म्हणालीस ना. कल्हई भांड्याला आतून करतात, अन्न कळकून बिघडू नये म्हणून. नावाच्या पत्र्याला कोण कल्हई करतं?" कप खाली ठेवून म्हणाले, "तांबटाची पोर असून..." चिडले असते तर परवडलं असतं.

तर चावडी बघायला जायचं का? जा. कमान आहे तोवर जा. मला मात्र त्या दिवसापासून चैन नाही. कल्हईची थाप अण्णांनी पकडली. त्यांच्यानंतर हीच थाप आमच्या घरात कुणालाही मारा, बिनबोभाट खपेल.