लोखंडी बक्कल, प्लॅस्टिकचं बक्कल

मुळशीच्या धरणावर मी पाणबुड्या म्हणून कामाला होतो, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. साठचं दशक संपत आलं होतं. पाणी सोडायच्या दाराशी, खोल, एक लोखंडी जाळी होती. तिच्यात ओंडके अडकायचे, गाळ साचायचा. तो मोकळा करायला आम्ही दोघं होतो. दुसरा माझ्याहून बराच मोठा, कोकणातला, आरमारातून निवृत्त झालेला. त्याला मी दादा म्हणायचो.

पाठीवर हवेची टाकी आणि ती आवळून धरणारा एक पट्टा. सगळा भरवसा त्या पट्ट्याच्या बकलावर. आमची बकलं लोखंडी होती. जड, कडांना गंज धरलेली, बोट चिमटलं तर नख काळंनिळं करणारी. त्या वर्षी नवीन सामान आलं, त्यात काळ्या प्लॅस्टिकची बकलं होती. हलकी, गुळगुळीत. ज्याला जे हवं ते त्यानं लावावं, असं ठरलं.

दादानं त्यातलं एक हातात घेऊन वाकवून पाहिलं आणि परत पेटीत टाकलं. "होडीत दिवसभर उन्हात पडणार. कडक होईल, तडकेल. मी नाही लावणार."

मी मात्र लावलं. त्याचं कारण दादाला सांगितलं नव्हतं.

कारण असं, की पाण्याखाली मला आवाज यायचा. टण्... जरा वेळानं पुन्हा टण्. पहिल्या दिवशी मी दचकून दादाकडे पाहिलं, तर तो शांतपणे जाळीतली फांदी ओढत होता. वर आल्यावर विचारलं तेव्हा म्हणाला, "अरे, बक्कल टाकीवर आपटतं." पटलं मला. पण जाळीपासून थोड्या अंतरावर, गढूळ पाण्यात, दगडी पायऱ्या होत्या. धरण भरलं तेव्हा बुडालेल्या गावाच्या. त्या पायऱ्यांच्या बाजूला गेलं की आवाज जास्त यायचा.

आमचं जेवण काठावरच्या वाडीतून यायचं. तिथली एक मावशी नाचणीची भाकरी आणि करवंदाची चटणी घेऊन स्वतः उतारावरून खाली यायची. तिचं माहेर त्याच पाण्याखाली होतं. गाव सोडलं तेव्हा ती परकर नेसायच्या वयाची होती. एकदा भाकरी हातावर ठेवता ठेवता तिनं विचारलं, "बाबा, खाली घंटा ऐकू येती का रं?"

"कसली घंटा?"

"आमच्या देवळाची. देव नेला वर. घंटा काढायची ऱ्हाऊन गेली. पानी लई भराभर चढलं."

मी म्हणालो, "नाही मावशी, काही येत नाही."  पण दुसऱ्याच दिवशी मी पट्ट्याचं लोखंडी बक्कल काढलं आणि प्लॅस्टिकचं बसवलं.

आवाज थांबला. मग बरं वाटायला हवं होतं. पण खालची शांतता इतकी दाट होती की माझाच श्वास मला दुसऱ्या कुणाचा वाटू लागला. काम करताना मी सारखा कान देऊन असायचो. दादा बाजूला असला तर त्याचं बक्कल वाजायचं, तेवढंच. तेव्हा मात्र तो आवाज कुठला, हे ठाऊक असायचं.

एके दिवशी जाळीतून मोठा ओंडका सुटला आणि गाळ असा उसळला की समोर धरलेला हातही दिसेना. त्याच क्षणी पाठीवर काहीतरी कट्कन तुटलं. टाकी घसरली, आणि तिच्या ओझ्यानं तोंडातली नळी ओढली जाऊ लागली. मी नळी दातांत घट्ट आवळली, हात मागे घालून टाकी धरली आणि लहान मुलासारखी काखेत घेतली. तिच्या वजनानं खाली गेलो. गुडघे दगडावर टेकले. चाचपून पाहिलं तर पायरी. म्हणजे मी पायऱ्यांवर आलो होतो, आणि वर जायचा दोर कुठल्या बाजूला हे कळत नव्हतं.

तेव्हा आवाज आला. टण्. स्वच्छ, डाव्या हाताला.

दादा आला, असं मला वाटलं. मी टाकी कवटाळून तिकडे सरपटत गेलो. पुन्हा टण्. पुन्हा पुढे गेलो. आणि हात दोरावर पडला.

होडीत चढलो तेव्हा दादा अजून खालीच होता. थोड्या वेळानं धापा टाकत वर आला. "कुठं होतास? मी जाळीच्या उजवीकडं शोधत होतो."

"तुमच्या बकलाच्या आवाजावर आलो की मी."

 टाकी उतरवत तो म्हणाला, "पाण्यात आवाजाची बाजू कळत नाही. चहूकडून आल्यासारखा वाटतो. आरमारात पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे. तू डावीकडं गेलास ते कशावरून?"

 तुटकं बक्कल त्यानं माझ्या पट्ट्यातून काढलं, दोन्ही तुकडे निरखले आणि पाण्यात न टाकता खिशात ठेवले. "उद्यापासून लोखंडी," एवढंच बोलला. प्लॅस्टिकच्या बकलांची पेटी आम्ही शेऱ्यासकट परत पाठवली: उन्हात तडकतात. बाकीचं लिहिण्यासारखं नव्हतं.

मावशीला मात्र मी सांगितलं. ती खूश होईल असं वाटलं होतं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"डाव्या हाताला म्हनलास?"

"हो."

"देऊळ तितं न्हाई. देऊळ पार वरच्या अंगाला." ती पाण्याकडे बघत होती. "पायऱ्यांच्या डावीकडं आमचा गोठा व्हता. म्हशीच्या गळ्यात लोढणं आन् घाट, ही मोटी घंटा. एक म्हस पान्यातून निघालीच न्हाई. बा हाका मारून मारून दमला."

मग तिनं माझ्यापुढं भाकरी सरकवली. "खा. गार व्हतीया."

पावसाळ्याच्या तोंडावर आमचं काम संपलं. पुढे मी पुष्कळ धरणांत उतरलो, नेहमी लोखंडी बक्कल लावून. ते टाकीवर आपटायचं, आणि तो आवाज बकलाचाच असायचा. ते मला लगेच कळायचं.