मांजराची सकाळची सुई

“किती दिलीस? आगं किती दिलीस, बोल की!”

शेजारच्या अक्का आमच्या अंगणात उभ्या राहून ओरडत होत्या आणि माझी धाकटी जाऊ हातातली परात तशीच धरून त्यांच्या तोंडाकडं बघत होती. दोघींच्या मध्ये फरशीवर आमचं मांजर आडवं पडलं होतं. चारी पाय असे मारत होतं, जणू पडल्या पडल्या हुमनाबादला निघालंय.

“दोन,” जाऊ म्हणाली. “रोजच्यावानी दोन युनिट.”

“कवा?”

“सकाळी. तुमी भाकरी आणायच्या आदी.”

“अयय्यो! म्या बी दोन दिले की गं!”

मी ओसरीवर बसून हे ऐकत होते. दोन आणि दोन चार, एवढा हिशेब डोक्यात झाला. पुढं काही झालं नाही.

मांजराला इन्सुलिन, हे ऐकून बाहेरगावची माणसं हसतात. हसू दे. भालकीत राहायचं, साखर कारखान्याची मळी नाकातोंडात घ्यायची, तर माणसाला शुगर होणारच. आमच्या घरात ती मांजरालाही झाली. बीदरच्या जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं की वजनामुळं झाली. वजन किती म्हणाल, तर ते भिंतीवरून उडी मारायचं तेव्हा अक्कांच्या फडताळातली भांडी वाजायची. मग प्यायला लागलं पाणी. बादली संपवायचं, खोटं नाही सांगत, आणि वर माझ्याकडं बघायचं, अजून हाय का म्हणून.

नवऱ्याला शुगर आधीपासूनच. त्यामुळं सकाळ-संध्याकाळ माझ्यापुढं दोघांची रांग. दोघांच्या बाटल्या वेगळ्या, सुया वेगळ्या. मांजरानं आधी पोटभर खायचं, मग मानेमागची कातडी चिमटीत धरून दोन युनिट. त्याला पत्ताही लागायचा नाही. यांना मात्र लागायचा. शर्ट वर केला की जी बोंब सुरू व्हायची, ती ऐकून स्टँडवरची उदगीरची गाडी वेळेआधी सुटायची. मी म्हणायची, “बघा, बघा जरा त्याच्याकडं. मिश्या त्याला बी हायत.” हे म्हणायचे, “त्याला काय, त्याचं लगीन कुठं झालंय.”

मग हे गेले. दुपारी जेवून झोपले आणि उठले नाहीत. एका वाक्याचं हरदासी कीर्तन करणारी बाई मी, पण ह्या गोष्टीला मला दुसरं वाक्य सापडलेलं नाही.

आमच्यात तेरावं-चौदावं नसतं. बुद्धवंदना झाली, चार माणसं बोलली, की झालं. पण आमच्या गल्लीचा म्हणून एक रिवाज आहे आणि तो लिंगायत, बौद्ध, मुसलमान, सगळ्यांना सारखा लागू. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला काही विचारायचं नाही. करून टाकायचं. नळाला पाणी येतं तेव्हा तुमची घागर भरलेली असते. भाकरी येते. धुणं वाळत पडलेलं दिसतं आणि कुणी धुतलं ते कळत नाही. केलं म्हणून सांगायचंही नसतं, तो हलकेपणा.

तर मी बसलेली होते. गल्लीतली सगळ्यात मोठ्या तोंडाची बाई गप्प. लातूरहून लेक आली, राहिली, गेली. बायका माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायच्या आणि मी त्यांच्या भांगातला कलप बघत बसायची. कुठं नीट बसलाय, कुठं पांढरं राहिलंय. रडू येत नव्हतं. भूक लागत नव्हती, पण ताट पुढं आलं की संपत होतं. जो तो मला काहीतरी द्यायला यायचा. घरात माझ्याकडं काही मागणारं आता एकच उरलं होतं. ते सकाळी येऊन माझ्या पायावर बसायचं आणि वाडगं दिसेपर्यंत उठायचं नाही.

रिवाजाप्रमाणं त्याची सुई जावेनं आपल्याकडं घेतली होती. आणि त्याच रिवाजाप्रमाणं त्या दिवशी अक्कांना वाटलं, पोरगी कामात गुंतलीय, विसरली असणार. अक्कांना स्वतःला शुगर, सुईला हात बसलेला. दिली, आणि सांगितलं नाही.

जावेनं यांचं शुगर बघायचं मशीन आणलं. मांजराच्या कानाच्या कडेला टोचून थेंब काढला. आकडा आलाच नाही; इंग्रजीत ‘लो’ एवढंच आलं. तिनं गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, हिरड्यांना साखरेचं पाणी चोळा आणि तसंच्या तसं घेऊन या.

“साखर! साखर कुठं ठेवलाव बाई?” जाऊ सैपाकघरातून ओरडली.

साखर नव्हती. यांच्या पायाची जखम चिघळली तेव्हाच मी साखर-गुळाचे डबे घासून त्यांत हळद आणि धने भरले होते. आल्यागेल्याचा चहा आयता शेजारून यायचा. अक्कांच्या घरी चहात टाकायची ती बारीक गोळी; तिच्यानं तोंड गोड होतं, रक्त नाही. कोपऱ्यावरचं दुकान शुक्रवारच्या नमाजासाठी बंद. दारापुढनं दिवसरात्र उसातली साखर कारखान्याला चाललेली, आणि घरात चिमूटभर नाही.

मांजराचं पाय मारणं थांबलं. डोळे उघडेच होते, पण कुणाकडं बघत नव्हते.

मी उठले कशी ते सांगता येणार नाही. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग अडलेली होती. मी एका ट्रॉलीचा ऊस दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. तो ऊस एवढा लांब होता की बुडखा माझ्या हातात आणि शेंडा उदगीरच्या हद्दीत. ओढताना सगळी ट्रॉली एका चाकावर उभी राहिली असं मी सांगत असते. जाऊ म्हणते, ट्रॉली जागची हलली नाही. तिचं खरं धरा.

ड्रायव्हर वरनं बोंबलला, “ओ मावशी! काय करायलाव? उसाचं वजन व्हायचंय की कारखान्याला!”

“एका उसानं बुडत न्हाई तुजा कारखाना! गप उभं ऱ्हा तितंच!”

आवाज माझाच होता. गल्लीतली दारं उघडली ती ऊस बघायला नव्हे, तो आवाज ऐकून.

पायरीवर बसून मी दातांनी ऊस सोलला. चावायचा, रस तळहातावर थुंकायचा, बोट बुडवून मांजराच्या हिरड्यांना चोळायचं. चावायचा, थुंकायचा, चोळायचं. ओठ कापला, रक्त आलं, ते लक्षात यायला वेळ लागला. काळजी वाटत होती का? नव्हती. हात चालले होते एवढंच. रिक्षातही चोळत होते. मांजर यांच्या टॉवेलात गुंडाळून जावेच्या मांडीवर, आणि अक्का कन्नडमध्ये रिक्षावाल्याच्या सात पिढ्यांना जोर लावायला सांगत होत्या.

दवाखान्यात एका म्हशीच्या आधी आम्हाला आत घेतलं. म्हशीच्या मालकानं कुरकुर केली नाही. माझं तोंड बघितलं असावं त्यानं, सगळं रसानं आणि रक्तानं चिकट झालेलं. डॉक्टरनं पुढच्या पायाचे केस भादरले, शीर धरली, ग्लुकोज सोडलं.

“किती गेलंय अंगात?”

“चार युनिट,” अक्का आणि जाऊ एकदमच म्हणाल्या.

डॉक्टरनं मशीनकडं बघितलं, मग मांजराकडं. “एवढ्या मोठ्या मांजराला चारनं इतकं खाली येत नाही. अजून कुणी दिली?”

“न्हाई हो साहेब. सकाळधरनं घरात आमी तिघीच,” जाऊ म्हणाली.

आम्ही वाट बघत बसलो. बाहेर म्हैस ओरडत होती. बऱ्याच वेळानं मांजराचा कान हलला. मग मान उचलली गेली, डोलली, पडली, परत उचलली गेली. डॉक्टर सुई सारखी करायला वाकले तर त्यांच्या अंगठ्याचा चावा घेतला. “वाचलं,” ते अंगठा झटकत म्हणाले. “आज संध्याकाळची सुई द्यायची नाही. कुणीच.”

जाऊ रडायला लागली. अक्कांनी नाक शिंकरलं. मला तोंड पुसायचं होतं, म्हणून पदर सोडवायला कमरेशी हात घातला, तर तिथं काहीतरी हाताला लागलं. यांना आणि मांजराला सुई देऊन झाली की रिकामी सिरिंज टोपण लावून मी कमरेला खोचायची. हातातली कामं उरकली की मग डब्यात टाकायची. सगळा संसार तशीच वागले. ती सिरिंज बाहेर काढून मी टेबलावर ठेवली. टोपण लागलेलं होतं. आत एक थेंब होता.

डॉक्टरनं ती उचलून उजेडाला धरली आणि परत ठेवली.

अक्कांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “आगं, तू कवा दिलीस?”

“आठवत न्हाई.”