आवाज वाढवणारा माणूस

अंबरनाथला एका परिसंवादाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. साउंडसाठी उल्हासनगरहून एकजण आला होता. लहान मुलाचं तोंड पुसावं तसा तो प्रत्येक माइक रुमालाने पुसायचा. आमची खूण ठरली होती: मी चष्मा काढला की त्याने बोलणाऱ्याचा आवाज हळूहळू कमी करायचा.

विषय होता, आपल्या शाळा. मंचावर पाहुणे तीन: एक प्राचार्य, एक पुढारी आणि एक नट. प्राचार्यांनी पुढाऱ्याच्या भाषेवर टीका केली, पुढाऱ्याने नटाच्या मानधनावर, आणि नटाने दोघांची नक्कल करून टाळ्या घेतल्या. तिन्ही वेळा मी चष्मा काढला आणि तिघांनीही आपोआप आटोपतं घेतलं. काय सत्ता होती माझी!

शेवटची दोन मिनिटं बारवी धरणाकडच्या पाड्यावरल्या शिक्षिकाबाईंना होती. त्यांची शाळा बंद होणार होती आणि मुलांना जंगलातून दुसऱ्या गावी चालत जावं लागणार होतं. बाईंचा आवाज बारीक. पाहुणे उठायला लागले, म्हणून मी चष्मा काढला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज चक्क वाढवला. पाहुणे परत बसले. पुढाऱ्याने खिशातून पेन काढून शाळेचं नाव लिहून घेतलं.

नंतर मी साउंडवाल्याला गाठलं. "अहो, खूण दिसली नाही का?"

"दिसली ना सर. पण ते तिघं एकमेकांचंच बोलत होते. बाई पोरांचं बोलत होत्या."

तेवढ्यात बाई आल्या. "सर, तुम्ही माझा आवाज वाढवायला लावलात, फार बरं झालं."

"अहो, त्यात काय!" मी म्हणालो.

तो शेजारीच वायर गुंडाळत होता. माझी लाज राखायला त्याने मानही वर केली नाही.