न पोचलेली हाक

न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या पट्टेवाल्याने सव्वीस वर्षं एकच काम केलं: दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायची. तीनदा. तिसऱ्या हाकेलाही कुणी आलं नाही, तर आत जाऊन सांगायचं, "गैरहजर." पुढचं साहेब बघत.

घरी तो कमी बोले. बायको म्हणायची, "तिकडे परक्यांना तीन-तीन हाका. इथे मी पहिल्याच हाकेला हजर, तर हाकच नाही."

आवाज बिघडला तो एका दिवसात. खाली जनरेटर धडधडत होता, त्याच्यावर ताण करायला तो बेंबीच्या देठापासून ओरडला. दुखलं काहीच नाही. संध्याकाळी आवाज घोगरा झाला होता आणि तसाच राहिला.

आठ महिने त्याने त्याला सर्दी म्हटलं. सकाळी आवाज बरा निघे. दुपारी फाटक्या भात्यासारखी नुसती हवा. कधी एका नावाचे दोन सूर एकदम निघत, जणू पाठीमागून आणखी कुणी पुकारतं आहे. पट्टी चढवली की मधलं अक्षर गळून पडे. घशात केस अडकल्यासारखं वाटे, म्हणून तो सारखा खाकरे आणि खाकरून आवाज आणखी बसे. कामापुरता तरी वाचावा म्हणून घरी तो कुजबुजू लागला.

"मोठ्याने बोला की," बायको म्हणाली. "लग्नाची बायको आहे मी, चोरीचा माल नाही."

एका दुपारी त्याने एका म्हाताऱ्याचं नाव पुकारलं. राहती खोली परत मिळावी म्हणून म्हाताऱ्याने दावा लावला होता. पहिल्या हाकेत आवाज होता. दुसरीत निम्मा. तिसरीत ओठ हलले.

"नीट पुकारलंत?" आत साहेबांनी विचारलं.

"होय साहेब. तीनदा."

म्हातारा गैरहजर म्हणून दावा निकालात निघाला. म्हातारा व्हरांड्यात पाच पावलांवरच्या बाकावर बसला होता, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन. चार वाजता तो दाराशी आला.

"भाऊ, आमचं नाव कधी यायचं?"

"येऊन गेलं."

"अहो, मी सकाळपासून लघवीलासुद्धा उठलो नाही!"

पट्टेवाला खाकरला.

दुसऱ्या दिवशी तो घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. विडी-सिगारेट? नाही. गिळताना त्रास, दम, वजन घटणं? नाही. बाईंनी नाकातून बारीक कॅमेरा आत सोडला. पडद्यावर स्वरयंत्राच्या दोन पांढुरक्या पट्ट्या उघडत होत्या, मिटत होत्या. एकीच्या काठावर मसुराएवढा लालसर फुगवटा. पट्ट्या मिटल्या तरी त्याच्या दोन्ही अंगांना फट राही.

"इथून हवा निसटते," बाई म्हणाल्या. "पॉलिप आहे. जोरात ओरडताना आत रक्त साकळलं असणार. वाईट काही दिसत नाही, पण काढून तपासायला पाठवू. आवाज महिनाभर बसलेला राहिला की दाखवायचं असतं, काका. आणि कुजबुजणं बंद. त्यानेही ताण पडतो."

"पाच पावलांवर ऐकू गेलं असतं?"

"बंद खोलीत, कदाचित. व्हरांड्यात नाही."

"एवढं लिहून द्याल?"

दावा पुन्हा उघडण्याच्या अर्जासाठी म्हाताऱ्याने वकील धरला होता; तो कागद त्याने त्या वकिलाला नेऊन दिला. "आपल्याच पायावर धोंडा," बायको म्हणाली. "दोन वर्षं उरलीत नोकरीची."

म्हाताऱ्याचा अर्ज सुनावणीला आला तेव्हा शस्त्रक्रियेला चार दिवस झाले होते आणि डॉक्टरांनी चकार शब्द काढायला बंदी केली होती. दारात दुसराच पट्टेवाला होता; हा आत भिंतीशी उभा होता. पहिल्या हाकेलाच म्हातारा उठला.

"तीनदा पुकारलं, असं तुम्हीच सांगितलं होतं," साहेब डॉक्टरीणबाईंचा कागद दाखवत त्याला म्हणाले. "मग हे काय?"

त्याने खिशातली वही काढली, लिहिलं आणि पान फाडून पुढे केलं. कारकुनाने वाचलं: "हाका मारल्या होत्या. तिसरी मलाही ऐकू आली नाही. हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

साहेबांनी पान मागून घेतलं, पुन्हा वाचलं. "दावा परत फाइलवर घ्या. आणि तुम्ही आठ दिवसांत लेखी खुलासा द्या."

"लेखीच देतोय बिचारा," मागून कुणीतरी म्हणालं. दोघे-तिघे हसले.

पट्टेवाल्याने वहीचं कोरं पान काढलं, वर तारीख घातली आणि उभ्या उभ्याच खुलासा लिहायला घेतला.